आगाऊ माफीनामा

टेबलाभोवती आम्ही चौघे होतो आणि चौघांपैकी कोणीच बोलत नव्हते. यशोधनने लॅपटॉप अर्धा मिटला, पुन्हा उघडला. ऋजुताने पाण्याची बाटली उगीचच सरळ करून ठेवली. सुदर्शन शेडबाळे समोरच्या छापील नमुन्याकडे अशा नजरेने पाहत होता, जणू त्या पानावर काही उमटलेच नव्हते. आणि ज्याच्या एका वाक्याने ही शांतता ओढवली होती तो मी, खिडकीबाहेरच्या सोनमोहराच्या शेंगा मोजत होतो.

वाक्य साधे होते. "नियम नऊ काढायला माझी काही हरकत नाही," एवढेच मी म्हणालो होतो.

"शेडबाळे सर," ऋजुताने शेवटी विचारले, "तुमचं काय म्हणणं?"

"माझं काय," सुदर्शन मान वर न करता म्हणाला. "हे प्राध्यापक हरकत नाही म्हणतायत. चहा सांगा आधी."

याला आता बारा वर्षे झाली. ऋजुता सबनीस नावाच्या तिशीतल्या मुलीने पुण्यात, कर्वे रस्त्यामागच्या एका गल्लीत, खेळ प्रसिद्ध करणारी लहानशी कंपनी काढली होती. यशोधन तिचा भागीदार आणि चित्रकार. आमच्या 'समाधाननगर' या खेळाची तिसरी आवृत्ती त्यांना काढायची होती. पहिल्या आवृत्तीवर एकट्या सुदर्शनचे नाव होते, दुसरीवर आम्हा दोघांचे. म्हणून तिसरीसाठी दोघांच्याही सह्या हव्या होत्या. माझी करून झाली होती. सुदर्शन पहाटेच्या एसटीने सांगलीहून आला होता, तासभर सगळे ऐकून घेत होता, आणि नियम नऊपाशी येऊन थांबला होता.

या खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत. पाच-सहा माणसे टेबलाभोवती बसतात. एक जण सचिव होतो, बाकीचे समाधाननगरचे रहिवासी. हे भिंतींनी वेढलेले शहर. तिथे माणसांना नावे नाहीत, घरक्रमांक आहेत, आणि आजवर कोणाच्याही दृष्टीस न पडलेली कल्याण समिती सर्वांच्या सुखाची अहोरात्र काळजी वाहते. सचिव प्रसंग सांगतो, रहिवासी आपण काय करतो ते बोलून दाखवतात, पुढे काय होते ते फासे ठरवतात. काम नेहमी क्षुल्लक असते: जिन्यातला दिवा बदलून आणणे. तो दिवा कधीच बदलला जात नाही. मात्र तोवर प्रत्येकाने शेजाऱ्याविरुद्ध किमान एक तक्रार दाखल केलेली असते, आणि सगळे पोट धरून हसत असतात.

ब्याण्णव सालची पहिली आवृत्ती म्हणजे सायक्लोस्टाइल केलेली छत्तीस पाने, कोपऱ्यात टाचणी. सुदर्शनने ती परिपत्रकांच्या भाषेत लिहिली होती. एक विशेषण नाही. 'जिन्यातील दिवा बंद असल्यास रहिवाशांनी उजेड आहे असे समजून चालावे. ठेच लागल्यास ती खाजगी बाब समजली जाईल.' नव्व्याण्णवची दुसरी आवृत्ती माझी. मी तेव्हा मराठीचा प्राध्यापक झालो होतो, नव्या कवितेने झपाटलेला होतो. त्याच्या कोरड्या कलमांमध्ये मी धुके सोडले, भिंतींना ओल दिली, रहिवाशांना न संपणारी स्वप्ने दिली. वाचणाऱ्यांनी पुस्तक वाखाणले. खेळणारे मात्र माझी पाने भराभर उलटून सुदर्शनच्या नियमांपाशी जात. एका गृहनिर्माण संस्थेने तर आमचे 'समाधान पत्रक' (मी समाधानी आहे / मी अत्यंत समाधानी आहे, लागू नसेल ते खोडावे) जसेच्या तसे छापून आपल्या खऱ्याखुऱ्या सभासदांना वाटले. सुदर्शनने त्याची प्रत मला पोस्टाने पाठवली. खाली एकच ओळ होती: 'आपण मागे पडतोय, मर्दा.'

तिसऱ्या आवृत्तीत गुळगुळीत पेटी होती, रंगीत पत्ते होते, आणि दिवा बदलता येणार होता. जो बदलेल तो जिंकणार होता. सुदर्शनने त्यालाही मान डोलावली होती. "लोकांना जिंकायचं असतं, जिंकू द्या," म्हणाला होता. अडले ते एकाच ठिकाणी.

नियम नऊ असा होता: 'खेळ सुरू होण्यापूर्वी प्रत्येक रहिवाशाने, आपल्या हातून पुढे घडू शकेल अशा अपराधाबद्दल, स्वहस्ते माफीनामा लिहून सचिवाकडे द्यावा. माफीनाम्यात दुसऱ्या कोणाचेही नाव लिहू नये. लिहिल्यास तो माफीनामा समजला जाणार नाही.'

दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी मला शेवटची दोन वाक्ये अनावश्यक वाटली होती. मी ती खोडली. मुद्रितांवर सुदर्शनने ती लाल शाईने परत लिहिली. मीही वाद घातला नव्हता.

"सर, प्रॉब्लेम असा आहे," यशोधन समजावू लागला, "आम्ही सात ग्रुपना खेळायला बसवलं. पेन हातात दिलं की लोक गप्पच होतात. दहा-दहा मिनिटं. एका काकूंनी तर विचारलं, हे कोण वाचणार आहे? म्हणून आम्ही तयार कार्डं केली. हे बघा. 'मी लिफ्टमध्ये गाणे म्हटले.' 'मी समितीच्या फोटोसमोर जांभई दिली.' उचललं कार्ड, झालं."

"छान आहेत," सुदर्शन म्हणाला. "जांभईचं छान आहे."

"मग?"

"मग काही नाही."

ऋजुता हुशार मुलगी होती. तिने दुसरी वाट धरली. "सर, पण हा नियम मुळात सुचला कसा? आगाऊ माफीनामा? भन्नाट आहे ते."

"ते यांना विचारा," सुदर्शनने माझ्याकडे बोट केले. "निशिकांत फार चांगलं सांगतो. सांग की."

मी ही हकीकत व्याख्यानांतून अनेकदा सांगितली होती. तिचे चढ-उतार मला पाठ होते. मी सांगू लागलो.

आम्ही कृष्णाकाठच्या एका कॉलेजच्या वसतिगृहात होतो, पदवीच्या शेवटच्या वर्षाला. सुदर्शन गणिताचा, मी मराठीचा, खोली एक. मेसमधली आमटी दिवसेंदिवस पारदर्शक होत चालली होती. एका सकाळी सूचनाफलकावर टंकलिखित परिपत्रक लागले: 'ज्या विद्यार्थ्यांना आमटीमध्ये डाळ शोधावयाची असेल त्यांनी तसा अर्ज तीन प्रतींत करावा. डाळ सापडल्यास ती कार्यालयात जमा करावी.' खाली रेक्टरांच्या सहीची जागा कोरी.

यशोधन मोठ्याने हसला. "शेडबाळे सर, तुम्ही?"

"मीच."

"रेक्टरांनी चाळीसही मुलांना माफीनामा लिहायला लावला," मी पुढे म्हणालो. "ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांनाही. जोवर माणूस सापडत नाही तोवर रोज एक. तिथून हा नियम आला."

"आणि सर सापडले?"

"चौथ्या दिवशी. कोणीतरी आपल्या माफीनाम्यात याचं नाव लिहिलं."

"बाप रे. मग?"

"वसतिगृहातून काढलं," सुदर्शन स्वतःच म्हणाला. चहा आला होता, तो बशीत ओतत होता. "फीची सवलत गेली. परीक्षेला बसायचं राहिलं. मग वडील वारले, मग साखर कारखान्यात आवक-जावकला लागलो. अजून तिथंच आहे. परिपत्रकं लिहितो. आता खरी."

"एमएस्सीला पहिला आला असता हा," मी म्हणालो. हे वाक्यही त्या व्याख्यानात नेहमी असे.

ऋजुताचा चेहरा उतरला होता. "आणि नाव कोणी दिलं होतं?"

सुदर्शन बशी ओठांपाशी नेऊन थांबला. फुंकर घालत होता.

"ते कधी कळलं नाही," मी म्हणालो.

सुदर्शनने चहा प्यायला, बशी खाली ठेवली, रुमालाने मिशी पुसली. मग एकाएकी उत्साहाने खुर्ची पुढे ओढली. "असं करू. एक डाव टाकू. आत्ता. जुन्या नियमाने, कागद-पेन घेऊन. मी सचिव. तुम्ही तिघं रहिवासी. डाव झाला की सही कुठं करायची ती करतो."

"खरंच सर?" ऋजुता म्हणाली.

"खरंच. पण मनापासून लिहायचं. कार्डावरचं नाही. आणि ताई, दुसऱ्याचं नाव नको."

तिने प्रिंटरमधले कोरे कागद आणले. सुदर्शनने आम्हाला घरक्रमांक दिले: ऋजुता एकशे एक, यशोधन दोनशे चार, मी तीनशे दोन. मग तो उठून खिडकीशी उभा राहिला, आमच्याकडे पाठ करून. परीक्षेला पर्यवेक्षक उभा राहतो तसा.

मी पेन उघडले. यशोधन डोके खाजवत होता. ऋजुताने दोन ओळी लिहिल्या, खोडल्या, पुन्हा लिहू लागली; तिचे कान लाल झाले होते. कागद माझ्यासमोर पांढरा होता. एक वाक्य मनाच्या तळाशी हलले आणि मी त्याच्याकडे पाहिले नाही. त्याऐवजी दुसरे आले. ते सुबक होते. त्याच्यामागोमाग तिसरे आले. पाच मिनिटांत माझा कागद भरला, आणि मला लिहिताना सुख होत होते, हेही इथे नोंदवले पाहिजे.

सुदर्शनने तिन्ही कागद घेतले, चष्मा लावला, आणि कारकुनी आवाजात वाचू लागला.

"घरक्रमांक दोनशे चार. 'मी माझ्या धाकट्या भावाचं चित्र माझं म्हणून स्पर्धेत दिलं होतं. मला बक्षीस मिळालं. तो तेव्हा नऊ वर्षांचा होता. माफ करा.'" त्याने चष्म्यावरून पाहिले. "हे पुढं घडणार आहे?"

यशोधन कसनुसा हसला. "नाही सर. झालंय. चुकून खरंच लिहिलं."

"सगळ्यांचं तसंच होतं. घरक्रमांक एकशे एक." तो क्षणभर थांबला, मग आवाज खाली आणून वाचू लागला. "'आजी दवाखान्यात असताना मी कामात आहे असं सांगितलं. मी कामात नव्हते. मला तिथला वास नको होता.'"

ऋजुता टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"घरक्रमांक तीनशे दोन," सुदर्शन म्हणाला. माझा कागद त्याने थोडा लांब धरला. "'मी दिव्याखाली उभा असताना माझ्या सावलीने परवानगीवाचून जिना उतरला. ती कोठे गेली, कोणाला भेटली, हे मला ठाऊक नाही. तिच्या पाऊलखुणा माझ्या असल्याचा आरोप आहे. मी समितीस नम्रपणे कळवितो की सावलीला पाय नसतात, आणि मला सावली नाही. तरीही तिच्या वतीने मी, जो आता अर्धाच उरलो आहे, पूर्ण क्षमा मागतो.'"

"वा!" यशोधनने टाळी वाजवली. "सर, हे पेटीवर छापू या! 'सावलीला पाय नसतात'! काय लाइन आहे!"

ऋजुताही सुटल्यासारखी हसली. मी हात हलवून नको-नको केले, जसे अशा वेळी करतात. सुदर्शन मात्र हसला नाही, रागावलाही नाही. कागदाची घडी घालून त्याने तो दोघांच्या कागदांवर ठेवला आणि फासे उचलले. "चला. जिन्यातला दिवा गेलाय. तीनशे दोन, आपण काय करता?"

डाव पाऊण तास चालला. सुदर्शनसारखा सचिव मी दुसरा पाहिला नाही. त्या दुपारी तो अप्रतिम होता. दिव्यासाठी अर्ज, अर्जासाठी दाखला, दाखल्यासाठी दिवा चालू असल्याचे प्रमाणपत्र. यशोधनच्या डोळ्यांतून पाणी आले. शेवटी मी एकशे एकविरुद्ध तक्रार केली आणि ऋजुताचे घर समितीने जप्त केले. दिवा तसाच राहिला.

"सर," ऋजुता धापा टाकत म्हणाली, "माझं मत बदललं. हा नियम नाही काढायचा. ते लिहिल्यावर ना, पुढचं सगळं वेगळंच वाटायला लागतं. आपण हसतो, पण आपला कागद त्यांच्याकडे आहे हे डोक्यात राहतं. यशोधन, कार्डं रद्द. पेटीत कोरे कागद टाकू."

"अगं, छपाईचं ठरलंय सगळं—"

"काढा," सुदर्शन म्हणाला.

ती त्याच्याकडे बघतच राहिली. "काय?"

"नियम नऊ काढा. तुमची कार्डं घाला. जांभईचं छान आहे."

"पण सर, तुम्हीच तर इतका वेळ त्यासाठी—"

"होतो अडून. आता नाही. कुठं सही?"

तिने दाखवलेल्या तीन जागी त्याने सही केली, स्वच्छ, वळणदार, खाली तारीख. ऋजुताचा आणि यशोधनचा कागद त्याने ज्याचा त्याला परत केला. "फाडून टाका," म्हणाला. माझा टेबलावरच राहिला. त्याने पिशवी उचलली. जेवूनच जा, असा ऋजुताने आग्रह केला. त्याने गाडीची घाई सांगितली. ती गाडी तासाभरानंतरची होती, मला माहीत होते.

मी त्याच्यामागोमाग जिना उतरलो. फाटकापाशी त्याला गाठले.

"सुदर्शन, थांब. का काढलास?"

"तूच म्हणालास हरकत नाही."

"माझी नव्हती. तुझी होती."

"माझी होती." त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. रस्त्यावरून एक भंगारवाला हातगाडी ढकलत गेला; तो लांब जाईपर्यंत सुदर्शन थांबला. "निशा, तुला काय वाटतं, मी तो नियम कोणासाठी लिहिला होता?"

मी फाटकाच्या कडीशी चाळा करत राहिलो.

"रेक्टरांनी मला बोलावलं तेव्हा कागद त्यांच्या टेबलावर होता. खालच्या नावावर असा हात ठेवून त्यांनी वाचून दाखवला. माणूस तसा सज्जन. म्हणाले, नाव सांगणार नाही, पोरांपोरांत वाकडं नको. त्यांना वाटलं, नाव झाकलं की झालं." तो हसला, आणि ते हसू खरेच गमतीचे होते. "'मित्राच्या सावलीत उभे राहून माझे मौनही अपराधी झाले आहे.' चाळीस पोरं होती, मर्दा. एकोणचाळीस जणांनी 'चूक झाली, माफी असावी' एवढंच लिहिलेलं. असलं दुसरं कोण लिहिणार?"

ते मी लिहिले होते. चौथ्या दिवशी, दुपारी, आमच्याच खोलीत, तो वर्गात गेलेला असताना. ते परिपत्रक टंकताना मी त्याच्या शेजारी बसून हसलो होतो, 'कार्यालयात जमा करावी' हे शब्द माझे होते, हे मी त्यात लिहिले नव्हते. त्या वर्षी माझ्या वर्तणुकीच्या दाखल्यावर 'उत्तम' असा शेरा आला. त्या दाखल्यावर पुढची शिष्यवृत्ती मिळाली, शिष्यवृत्तीवर पदव्युत्तर पदवी, तिच्यावर नोकरी. आणि माफीनाम्यातले ते वाक्य मला त्या वयात इतके आवडले होते की त्याची नक्कल मी वहीत ठेवली होती.

"तुला तेव्हापासून माहीत होतं," मी म्हणालो.

"तेव्हापासून."

"मग दुसऱ्या आवृत्तीला माझ्याबरोबर..."

"म्हटलं, लिहील. तोंडानं नाही सांगता येत माणसाला, मला कळतं की. म्हणून खेळ केला. खेळ म्हणून का होईना, लिहील. कागद माझ्याच हातात येणार, दुसऱ्या कोणाला दाखवायचाही नाही." तो मोजल्यासारखा थांबला. "किती डाव झाले आपले? शंभर? दीडशे? दरवेळी तुझा कागद मी शेवटी उघडायचो. कधी चंद्राबद्दल माफी, कधी आरशाबद्दल. आज वरती तुला इतिहास सांगायला लावला. तोही सांगितलास. 'ते कधी कळलं नाही' म्हणालास माझ्यासमोर. तरी म्हटलं, एक डाव देऊ. आणि आज परत सावली. एकवीस वर्षांनी! निदान उपमा तरी बदलायचीस, लेका."

मी उभा होतो. सांगण्यासारखे पुष्कळ होते आणि त्यातले प्रत्येक वाक्य तयार होऊन, विरामचिन्हांसकट, ओठांपर्यंत येत होते. वीस वर्षांचा पोर होतो. घरी परिस्थिती होती. भीती वाटली. त्या वाक्यांना लय होती, म्हणून मला त्यांची किळस आली. एकही साधे, ओबडधोबड वाक्य मला सुचेना.

वरच्या खिडकीतून यशोधनचा आवाज आला, "सर, तुमचा कागद राहिलाय! सावलीवाला!" मी वर पाहिले नाही.

"सुदर्शन," मी म्हणालो, "आता लिहू?"

त्याने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तर मला पुढे जगायला सोपे गेले असते. आवक-जावकच्या टेबलावर मुदत उलटून आलेल्या अर्जाकडे पाहावे तसे त्याने मला शांतपणे, पूर्ण पाहून घेतले. मग पिशवी काखेत मारली, रस्ता ओलांडला, आणि पलीकडच्या पदपथावरून, मागे न वळता, चालू लागला.